जास्तीच्या चौदा कुप्या

१

माल कमी भरला तर काय करायचं, हे तालुक्याच्या लसभांडारात अठरा वर्षं काढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. फुटला, तापला, वाटेत राहिला. कारणं तयार असतात. माल जास्त भरला की मात्र एकही कारण सापडत नाही.

चौदा डिसेंबर, मंगळवार. उमुडोराच्या आरोग्य केंद्रात मी रिकाम्या कुप्या परत न्यायला गेलो होतो. नोंदवहीप्रमाणे कोरोनाची लस संपली होती. बावीस ते सव्वीस नोव्हेंबर या पाच दिवसांत एकशे चाळीस जणींना टोचलं, शिल्लक शून्य. एका कुपीत दहा डोस, म्हणजे चौदा कुप्या. मला त्या रिकाम्या हव्या होत्या.

सिस्टर उझोआमाकाने गळ्यातल्या किल्लीने फ्रिज उघडला. खालच्या कप्प्यात चौदा कुप्या होत्या. भरलेल्या, सीलबंद.

"या कसल्या?" मी विचारलं.

"लस. तुम्हीच पाठवलेली."

"वहीत तर संपलीय."

"फ्रिजात नाही संपली," ती म्हणाली आणि मग तिचाच चेहरा उतरला. तिने वही ओढून घेतली, पानं उलटली. सात पानं, प्रत्येकावर वीस नावं, प्रत्येकाच्या तळाशी तिची सही.

"सही तुमची?"

"माझीच."

"टोचलं कुणी?"

"त्या आठवड्यात मी इथे नव्हतेच, भांडारी. नदीपलीकडच्या वस्त्यांत लहान पोरांना पोलिओ पाजत होते."

काय झालं असणार ते तिलाही कळलं होतं. ऑक्टोबरात राज्याचा हुकूम निघाला, की कुणाच्या मातीला पन्नासपेक्षा जास्त माणसं जमवायची तर प्रत्येकाकडे लस घेतल्याचं कार्ड हवं. त्यानंतर आमच्या भागात लशीला कुणी विचारेना, कार्डाला मात्र सगळे विचारू लागले. न टोचता कार्ड मिळालं तर कुणाला नको होतं? कपाटातली कोरी कार्डं मोजली. एकशे चाळीस कमी.

तालुक्याच्या अध्यक्षांना मी फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "कार्डं विकलीन तिने," ते म्हणाले. "राज्याचा माणूस उद्या येतोय. गुरुवारी चार वाजता मी पोलीस घेऊन येतो. तोवर दुसरं नाव सापडलं तर सांग, नाहीतर हीच."

फोनचा आवाज मोठा होता. सिस्टरने सगळं ऐकलं होतं. तिने किल्ली पुन्हा गळ्यात घातली आणि दारातल्या बाईच्या बाळाचं वजन करायला गेली. काटा तिने दोनदा चुकीचा वाचला.

२

राज्याचा माणूस म्हणजे बाई निघाली. मॅडम अकुन्ना. भरदार अंगाच्या, पन्नाशीच्या, नाकावरचं फडकं हनुवटीला आणि हातात उकडलेल्या शेंगांची पिशवी. बुधवारी सकाळी जीपमधून उतरल्या उतरल्या म्हणाल्या, "बसायला सावलीत काहीतरी द्या, आणि वही."

बाकावर बसून त्यांनी वही मांडीवर घेतली. एकेक शेंग फोडत, एकेक पान. मी आकडे सांगायला लागलो तर हात वर केला.

"आकडे तुमचे बरोबरच असणार. तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. मला माणसं सांगा."

मी सांगितली. या वहीला हात लावू शकणारी किंवा लावायला लावू शकणारी चारच माणसं. पहिली सिस्टर, बाहेरगावची, तीन वर्षांपूर्वी इथे आलेली, सही तिची. दुसरा एजिके, नोंदी लिहिणारा कारकून, इथलाच, तिशीतला, अक्षर त्याचं. तिसरे ओन्वुबिको गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, गावसंघाचे चिटणीस. ज्या गावात सर्वांत जास्त लोक टोचून घेतील त्या गावाला विजेचं रोहित्र देऊ, असं राज्याने कबूल केलं होतं. उमुडोरा सहा वर्षं अंधारात आहे आणि गुरुजी रोहित्राखेरीज दुसरं बोलत नाहीत. चौथी ओजिउगो, गावच्या लेकींमधली सर्वांत थोरली.

"तिचा काय संबंध?"

"नोंदी सगळ्या बायकांच्या आहेत, मॅडम. गावातल्या बायकांचं काही असलं तर ते तिच्या अंगणातून जातं. शिवाय परवा शुक्रवारी तिच्या बहिणीची माती आहे."

केंद्राच्या भिंतीवरच भलंमोठं पत्रक चिकटवलं होतं: श्रीमती ख्रिस्तियाना न्वोकेडी, वय चौऱ्याहत्तर, दफन सतरा डिसेंबर, सासरी ओरुमे येथे. मॅडमनी ते वाचलं. "कधी वारली?"

"सप्टेंबरात. तेव्हापासून शवागारात आहे. आमच्याकडे केनेची आई म्हणायचे तिला. बाजारात चवळीचे वडे तळायची. दोन पिढ्या तिच्या वड्यांवर वाढल्या."

मॅडमनी आधी सिस्टरला बोलावलं.

"टोचलं नाहीस तर सही कशी केलीस?"

सिस्टर उभीच राहिली. "कोऱ्या पानांवर केली. बावीस तारखेला सकाळी नावेची वेळ झाली होती. एजिके म्हणाला, तुम्ही पाच दिवस नसणार, कुणी दाखल्याला आलं तर पानावर सही लागते. मी सात पानांच्या तळाशी सह्या ठोकल्या आणि गेले."

"नेहमी करतेस?"

"सगळेच करतात."

"मी सगळ्यांना नाही विचारलं."

"हो," सिस्टर म्हणाली. "नेहमी करते."

मॅडमनी मान डोलावली, रागावल्या नाहीत. ते मला जास्त लागलं, कारण माझ्या भांडारातही कोऱ्या पावत्यांवर सह्या आहेत आणि त्या सगळ्या माझ्या आहेत.

"परत आल्यावर वही पाहिली नाहीस?"

"मधली पानं भरलेली दिसली. वाटलं, दाखले असतील."

"आणि फ्रिजची किल्ली?"

"एकच आहे. माझ्या गळ्यात. नदीपलीकडेही गळ्यातच होती."

अध्यक्षांचा फोन तेव्हाच आला. मॅडमनी तो घेतला, ऐकला, ठेवला. "पोलिसांचं पत्र टाइप झालंय म्हणाले. त्यात फक्त नाव भरायचं राहिलंय." मग सिस्टरकडे न बघता म्हणाल्या, "किल्लीचं कुणाला सांगू नकोस. ती किल्लीच तुला वाचवेल किंवा बुडवेल."

३

एजिके आला तो घामाघूम. नीट इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं.

"अक्षर तुझं?"

"माझंच, मॅडम. लिहिण्याचा पगार घेतो."

"नावं कुठून आणलीस?"

"बायका आल्या, नावं सांगितली, मी लिहिली."

"आणि टोचलं कुणी?"

"सिस्टरनी."

"ती नदीपलीकडे होती."

त्याने पेन काढलं, परत खिशात ठेवलं. "संध्याकाळी येत असतील. मी चारला जातो. मला सांगितलं ते मी लिहिलं."

"परवा मातीला जाणार का?"

या प्रश्नाने तो जरा सैलावला. "जाणारच ना. केनेची आई म्हणजे... मी शाळेत असताना ती मला फुटका वडा फुकट द्यायची. मुद्दाम फोडायची, असा माझा संशय आहे." तो हसला, मग हसणं थांबवलं. "माझे वडीलही तिथेच आहेत, शवागारात. आठ जानेवारीला त्यांची माती."

"अरे रे," मॅडम म्हणाल्या. त्यांनी त्याच्या हातावर चार शेंगा ठेवल्या. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "खोटं बोलतो, पण सवय नाही त्याला. सवयीचा माणूस शेंगा खातो. हा हातात धरून गेला."

"म्हणजे तोच?"

"हात त्याचा. डोकं कुणाचं ते बघू. त्याच्याकडे नवीन काय आलंय? मोटरसायकल? घरावर पत्रे?"

मी हसलो. "मॅडम, त्याच्या सायकलच्या मागच्या चाकाला दोन वर्षं तीच ट्यूब आहे. सात ठिगळं मी मोजलीत."

"मग विकली नाहीत कार्डं." त्यांनी वही माझ्यासमोर धरली. "तुम्ही आकडेवाले. ही जुनी पानं बघा, ऑगस्टमधली, आणि ही सात. काय वेगळं?"

मी जुनं पान वाचलं. वयं अशी: एकोणतीस, चौसष्ट, एकेचाळीस, अठरा, सत्तर. रांग लागते तशी. मग ती सात पानं. अठ्ठ्याऐंशी, सत्याऐंशी, सत्याऐंशी, शहाऐंशी, पंच्याऐंशी... पान दुसरं, ब्याऐंशी... सातव्या पानाच्या तळाशी एकावन्न. वर चढलेला एकही आकडा नाही.

"वयाप्रमाणे लागलीत," मी म्हणालो. "पाच दिवस बायका थोरलीपासून धाकटीपर्यंत रांगेत आल्या?"

"दवाखान्यात अशी रांग तुम्ही कधी पाहिलीत?"

"नाही."

"मग कुठे पाहिलीत?"

माझ्या डोळ्यांसमोर एकदम बोकड आला. खरंच. माझ्या आईच्या माहेरचं अंगण, केळीच्या पानावरचे वाटे आणि एक म्हातारी नावं पुकारतेय. थोरलीचा वाटा आधी. एक नाव मागेपुढे झालं तर भांडण तीन वर्षं पुरतं.

"मटणाच्या वाट्याला," मी म्हणालो.

"आता नावं वाचा. नुसती नावं."

वाचली आणि परत पहिल्यापासून वाचली. जुन्या पानांवर बायका होत्या अमक्याची बायको, तमक्याची आई, सौभाग्यवती अमुक. या सात पानांवर सगळ्यांना बापाचं नाव. अठ्ठ्याऐंशी वर्षांची नातवंडं-पतवंडंवाली बाई, आणि पुढे बापाचं नाव, जसं शाळेच्या पटावर.

"एकशे चाळीस म्हाताऱ्या," मॅडम म्हणाल्या, "आणि एकीचंही लग्न झालेलं नाही. तुमचं गाव मोठं दुर्दैवी दिसतंय."

४

गुरुजींना बोलवावं लागलं नाही. ते स्वतःच आले, टोपी काखेत, आणि आल्याबरोबर रोहित्रावर घसरले.

"मॅडम, हा जो काही घोळ असेल त्यात आमच्या गावाचा आकडा कमी होणार नाही ना? आम्ही दुसऱ्या नंबरवर होतो. ओरुमेवाले फक्त नव्वदने पुढे होते, नोव्हेंबरात आम्ही त्यांना गाठलं."

"एकशे चाळीस नावांनी गाठलंत, गुरुजी."

"मग बरोबरच आहे."

"नावं खोटी असतील तर?"

गुरुजी सावकाश म्हणाले, "माझ्यावर संशय आहे का? असेल तर सरळ विचारा. मी पस्तीस वर्षं पोरांना सरळ विचारत आलो."

"ही नावं तुम्ही दिलीत का?"

"नाही. दिली असती तर पुरुषही घातले असते. मला आकडा हवा होता, तर निम्मं गाव कशाला सोडू?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मलाही पटलं.

"मग एक काम करा. हे वाचून बघा, या बायका तुम्हाला ओळखता येतात का. नव्या पोरांना नाही येणार, तुम्हाला येतील."

गुरुजींनी चष्मा लावला आणि बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. पहिली ओजिउगो, एझेआलाची लेक, वय अठ्ठ्याऐंशी. "ही तर थोरलीच." मग खाली. "ही ओरुमेला दिलेली. ही आमच्या बरोबर शाळेत. ही गेली ती लोहाराच्या घरी, माहेरी येते तेव्हा भांडायलाच येते." त्यांचं तोंड हसरं झालं. म्हातारा माणूस पोरीबाळींची नावं वाचत होता. त्यातल्या निम्म्या आता आज्या होत्या, पण त्याच्यासाठी त्या परकऱ्या पोरीच होत्या. "मॅडम, ही माहेरवाशिणींची यादी आहे. लेकींच्या सभेची. अशीच्या अशी."

"यादी कुणाकडे असते?"

"थोरलीकडे. लिहिलेली एकच प्रत, दुसरी तिच्या डोक्यात."

बोट खाली सरकत राहिलं. तिसरं पान. चोवीस नोव्हेंबर. अठ्ठावन्नावी ओळ. बोट थांबलं.

"काय झालं?"

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "उरेदिया, एझेआलाची लेक. चौऱ्याहत्तर."

"हो?"

"हे हिचं माहेरचं नाव. आता इथे आम्ही चार-पाच म्हातारेच तिला उरेदिया म्हणतो." त्यांनी भिंतीवरच्या पत्रकाकडे बोट केलं. "ही ती. हिला शुक्रवारी पुरायचीय."

५

ओजिउगोचं अंगण झाडून लख्ख होतं. मांडवासाठी बांबू आले होते, कुणीतरी दोऱ्या सोडवत होतं. म्हातारी ताठ, बारीक, निळं लुगडं कमरेला घट्ट. गुरुवारी सकाळचे आठ. मॅडम, मी आणि मागे सिस्टर. सिस्टरला बरोबर घ्यायचा आग्रह मॅडमचा होता.

"बसा," म्हातारी म्हणाली. "पोरगी का आणलीत? तिच्याशी माझं काही नाही."

"तुमचं नाही, आई. तिचं आहे. आज चार वाजता तिला पोलीस नेणार आहेत."

"मी ऐकलं. कार्डं विकली म्हणे."

"कुणी विकत घेतली?"

उत्तराची वाट न बघता मॅडम बोलायला लागल्या, भाजीचा भाव सांगावा तशा.

"ज्याने हे केलं त्याने चौदा भरल्या कुप्या फ्रिजात राहू दिल्या. चोर एवढा वेडा नसतो. लस ओतून द्यायची, रिकाम्या कुप्या भांडाऱ्याच्या हवाली करायच्या, मिटलं. सिस्टरला ते एका मिनिटाचं काम होतं, किल्ली तिच्याच गळ्यात. तिने केलं नाही, कारण काही लपवायचंय हेच तिला ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं त्याला फ्रिज उघडता येत नव्हता. म्हणून सिस्टर नाही."

माझ्या मागे सिस्टरने श्वास सोडला.

"यादी वयाप्रमाणे आहे आणि बापाच्या नावाने आहे. माझ्याही माहेरी अशी यादी आहे, माझा नंबर एकशे सहावा. म्हणून ती तुमच्या घरातून गेली. पण ती लिहिणाऱ्याने तुमच्या मेलेल्या बहिणीला लस टोचली. गुरुजींनी लिहिली असती तर त्या ओळीवर त्यांचा हात थांबला असता. काल थांबलाच. लिहिणारा असा, की ज्याने या बाईचे वडे खाल्ले, पत्रकावर तिचं बाप्तिस्म्याचं नाव वाचलं, तिला केनेची आई म्हणून हाक मारली, पण तिच्या बापाने ठेवलेलं नाव कधी ऐकलं नाही. तरुण माणूस. एजिके."

"एजिकेने मान्य केलं?" म्हातारीने विचारलं.

"अजून विचारलं नाही. आधी तुमच्याकडे आले. मला एकच कळत नाही. तुम्हाला तर ठाऊक होतं ती गेलीय. मग यादीत ठेवली कशी?"

म्हातारीने मॅडमकडे पाहिलं. तिला वाईट वाटलं होतं, पण पकडलं गेल्याचं नव्हे.

"तुमच्या माहेरी काय करतात? माती व्हायच्या आधीच नाव खोडतात? नोव्हेंबरच्या सभेला बोकड कापला तेव्हा तिचा वाटा केनेच्या घरी पोचवला मी. जमिनीत जाईपर्यंत बाई यादीत असते."

दोऱ्या सोडवणारी बाई थांबली होती.

"माझी बहीण सासरी पुरली जाणार," ओजिउगो म्हणाली. "लेकी गेल्या नाहीत, चार दिवस बसल्या नाहीत, तर ती चोरून पुरल्यासारखी होईल. ओरुमेच्या फाटकावर कार्ड बघणार. कुणी घेतली सुई, कुणी नाही घेतली, मी कुणालाही विचारलं नाही. विचारलं की नाही म्हणायला जागा होते. कुणाचा मुलगा सांगतो दोन वर्षांत मराल, कुणाचा पाद्री. मी म्हटलं, सगळ्यांना कार्ड. एक कटकट मिटली."

"आणि एजिकेला काय दिलंत?"

"काही नाही." मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "जानेवारीत तुझ्या बापाला पुरायचंय ना, एवढंच म्हटलं."

सिस्टर पहिल्यांदा बोलली. "आणि मला पोलीस नेणार हे ऐकलंत तेव्हा, आई? तेव्हा काय म्हटलंत?"

म्हातारी बांबूंकडे बघत राहिली.

"तू परगावची," ती म्हणाली. "मला वाटलं, तुझी बदली होईल."

६

पुढच्या दोन तासांत मी आयुष्यातली सर्वांत अवघड बेरीज केली. ओजिउगो अंगणात बसून यादी म्हणत होती: ही इकडे दिलेली, नवरा अमका, ही तिकडे, नवरा तमका. एकदाही अडखळली नाही. मी भांडारातून आणलेल्या शेजारच्या गावांच्या वह्यांत सासरची नावं शोधत होतो. पंच्याण्णव जणी सापडल्या. सासरी, सासरच्या नावाने, खऱ्या सुईने केव्हाच टोचून घेतलेल्या. एक गेलेली. उरल्या चव्वेचाळीस.

"त्यात मी आहे," ओजिउगो म्हणाली.

"तुम्ही पहिल्या आहात," मॅडम म्हणाल्या. "वाट्याला जशा पहिल्या, तशाच. थोरलीने घेतल्यावर धाकटीला नको म्हणता येतं का तुमच्याकडे?"

"नाही येत." म्हातारीने पदर सारखा केला. "तुम्ही फार लबाड बाई आहात."

"सरकारी आहे, आई."

मातीसाठी लेकी कालपासूनच माहेरी जमल्या होत्या, त्यामुळे शोधायला फिरावं लागलं नाही. दुपारी केंद्राच्या ओसरीवर चव्वेचाळीस बायका बसल्या, वयाप्रमाणे. ओजिउगोने दंड पुढे केला, डोळे मिटले आणि सुई आत गेल्यावर उघडले.

"झालं?"

"झालं," सिस्टर म्हणाली.

"एवढ्यासाठी मी पाप केलं?"

मागची ब्याऐंशी वर्षांची तिला म्हणाली, "हळू बोल, पुढच्या घाबरतील." पुढच्या हसल्या. एक जण रडली, पण रांग सोडली नाही. चव्वेचाळीसला पाच कुप्या फोडाव्या लागल्या. शेवटच्या कुपीत सहा डोस उरले, फुकट घालवणं मला सहन होईना. गुरुजी, जीपचा ड्रायव्हर, दोन बांबूवाले, मांडववाला आणि अध्यक्षांबरोबर आलेला एक शिपाई, ज्याने अजून घेतली नव्हती. शिपाई पकडायला आला होता, दंड चोळत बसला.

अध्यक्ष चारला नव्हे, तीनलाच आले होते. टाइप केलेलं पत्र त्यांच्या खिशात होतं. ओजिउगो त्यांच्यासमोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "यादी माझी. लिहायला मी लावलं. या पोरीने एकही कार्ड विकलं नाही." अध्यक्षांनी पत्राची घडी घातली. एझेआलाच्या थोरल्या लेकीला अटक केली असती तर त्यांना पुढच्या निवडणुकीत कुणी पाणीही विचारलं नसतं, आणि तो हिशेब त्यांना माझ्यापेक्षा लवकर येतो.

मॅडमनी अहवाल जागेवरच लिहिला. सात पानं रद्द. कार्डं परत. उमुडोराच्या आकड्यातून एकशे चाळीस वजा, चव्वेचाळीस जमा, वरचे सहा बांबूवाल्यांसकट. गुरुजींनी ओठ चावला, रोहित्र गेलं. पंच्याण्णव जणी फाटकावर सासरचं कार्ड दाखवतील, असं ठरलं. कोऱ्या पानांवर सही केल्याबद्दल सिस्टरला लेखी ताकीद आणि एका वर्षाची पगारवाढ बंद. सिस्टर म्हणाली, "बरोबर आहे." ती नोकरीवर राहिली.

उरला एजिके. तो दुपारभर पाण्याच्या टाकीपाशी उभा होता. कबूल सगळं केलं होतं, विचारण्याआधीच. पण खोट्या नोंदी सिस्टरच्या सहीवर झाल्या होत्या, त्यामुळे फिर्याद तिनेच द्यायची, असं मॅडम म्हणाल्या आणि कागद तिच्यासमोर ठेवला.

"नाही दिली तर?" सिस्टरने विचारलं.

"तर अहवाल अर्धा राहील आणि पुढच्या महिन्यात दुसरं कुणीतरी परत कोऱ्या पानांवर लिहील. दिलीस तर त्याची नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही. तू ठरव. मला निघायचंय, जीप थांबलीय."

सिस्टरने पेन घेतलं. एजिके टाकीपासून हलला नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग ओजिउगोकडे.

"याच्या बापाच्या मातीला लेकी येणार आहेत का?"

म्हातारी दंड चोळत होती. "हा विषय आता कुठे?"

"आता इथेच. तुम्ही त्याला घातलेली भीती होती ती. येणार आहात का?"

"आम्ही कुणाच्या मातीला गेलो नाही, असं कधी झालंय?"

"त्याला तसं नव्हतं सांगितलंत."

ओसरीवरच्या धाकट्या थोरलीकडे बघत होत्या आणि थोरलीला ते कळत होतं. तिने पदर खाली सोडला.

"येऊ," ओजिउगो म्हणाली. "सगळ्या. चार दिवस बसू."

सिस्टरने फिर्याद पूर्ण लिहिली. काही गाळलं नाही, स्वतःच्या सह्यांचंही लिहिलं. तारखेच्या जागी तिने तेरा जानेवारी घातली. अध्यक्ष काहीतरी म्हणायला गेले, पण मॅडमनी शेंगांची पिशवी त्यांच्यापुढे धरली.

"त्याला वडिलांना पुरू द्या," सिस्टर म्हणाली. "चौथा दिवस झाला की न्या."

एजिकेने मान हलवली आणि टाकीपाशीच खाली बसला. मी फ्रिज उघडायला लावला आणि उरलेल्या नऊ कुप्या मोजल्या.